मैत्रिणीने शिवलेली गोधडी : अंगावर घ्यावी की जपून ठेवावी?

चांदणवेल

मंडळी, तीन आठवडे झाले, माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक गोधडी आहे. रोज रात्री दार उघडते, तिच्यावरून हात फिरवते आणि दार लावते. अंगावर घ्यायचं धाडस होत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

माझी मैत्रीण आणि मी १९९३ साली कराडला हॉस्टेलवर एका खोलीत होतो. दोन कॉट, एक टेबल, एक स्टोव्ह. ती आता कृष्णाकाठच्या एका गावात आहे, मी नाशिकला. गेल्या महिन्यात मला पन्नास पूर्ण झाली. त्या दिवशी ती एस.टी.ने आली, मांडीवर गाठोडं धरून. "वर ठेवलं नाही गं, कुणी पिशव्या टाकल्या असत्या त्याच्यावर," म्हणाली. जुन्या धोतराच्या पानात बांधलेलं ते गाठोडं तिने माझ्याच हाताने सोडवायला लावलं.

सात फूट बाय पाच फूट, पूर्ण हातशिलाई. मधोमध माझ्या आईचं हिरवं इरकल, लाल पदरासकट. त्याभोवती माझ्या हॉस्टेलच्या दिवसांतला निळ्या चौकड्यांचा ड्रेस. तो हरवला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, पण तो तिच्याकडे राहिला होता. मग माझ्या लेकीचं झबलं, तिच्या आजीच्या नऊवारीचा काठ. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात माझ्या वडिलांचा खाकी शर्ट.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचे कपडे देऊन टाकले असं आईने मला तेव्हाच सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिने एक शर्ट ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता आणि माझ्या मैत्रिणीने मागितल्यावर तो काढून दिला. चौदा महिने या दोघींनी मला पत्ता लागू दिला नाही.

मैत्रिणीने त्या शर्टाचा खिसा उसवला नाही. झाकण, बटण, सगळं तसंच. वरची बाजू टाके घालून बंद केली नाही, त्यामुळे खिशात हात जातो. खिशाच्या तळाशी शाईचा डाग आहे, वाटाण्याएवढा, कडेने जांभळट झालेला. बाबांचं पेन गळायचं. आई किती वेळा तो डाग घासायची! मैत्रिणीला ते माहीत नव्हतं, तरी तिने तो भाग कापून टाकला नाही.

आता प्रश्न. लेक म्हणते फ्रेम करून हॉलमध्ये लावू. नवरा म्हणतो थंडी पडली आहे, पांघर. मला दोन्हींची भीती वाटते. तुम्ही काय केलं असतं? आणि दुसरं, एवढ्या मोठ्या देण्याच्या बदल्यात मी तिला काय द्यावं?

कृष्णाकाठ

ताई, आमच्याकडं हिला वाकळ म्हणत्यात. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीला जायच्या. दगडावर आपटून धुवायच्या आणि वाळवंटात पसरायच्या. लांबनं बघितलं तर सगळा काठ रंगीत दिसायचा. आमच्या आईच्या हातची वाकळ दर वर्षी अशी धुतली, तरी पंचवीस वर्षं टिकली. वर नवा थर चढला, खालचा जुना आतच राहिला. वाकळ पांघरायचीच असती. अंगावर घ्या.

दूरचं_गाव

माझा अनुभव गोधडीचा नाही, चित्राचा आहे, पण इथे लागू पडेल असं वाटतं.

चिपळूणचं आमचं घर विकलं तेव्हा मी टोरांटोत होतो, शेवटचं बघताही आलं नाही. माझा शाळेपासूनचा मित्र चांगली चित्रं काढतो. त्याने आमच्या ओसरीचं जलरंगातलं चित्र काढून पाठवलं. आठवणीतून, फोटो न बघता. झोपाळ्याची एक कडी दुसरीपेक्षा लांब होती, ती त्याने तशीच काढली होती. त्या झोपाळ्यावर तो किती वेळ बसला असेल हे मला त्या कडीवरून कळलं.

मी ते उत्साहाने खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. सहा वर्षांत आभाळातला गुलाबी पूर्ण उडाला, जास्वंदीचा लालही फिका पडला. हिरवा आणि करडा टिकला. आता ते आतल्या बोळातल्या भिंतीवर आहे. उडालेला रंग काही परत येत नाही. तुमच्या लेकीला एवढंच सांगा की हॉलमध्ये लावायची झाली तर ऊन आणि उजेड कुठून येतो ते आधी बघा.

उंबरठा

राग मानू नका, मनात आलं ते लिहिते. आमच्या सासरी गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. तेराव्याला देऊन टाकतात. तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगलाच आहे, पण तो शर्ट अंगावर घेऊन झोपायचं म्हणजे मला थोडं वेगळं वाटलं. घरातल्या मोठ्यांना विचारलंत का?

चांदणवेल

@उंबरठा, राग कसला? मलाही पहिल्या रात्री हेच वाटलं होतं. मी आईला फोन केला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "त्या शर्टाने तुम्हा तिघांना वाढवलं. त्याला कसला विटाळ?" आणि फोन ठेवला. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

@दूरचं_गाव, त्या कडीचं वाचून मी परत उठून गोधडीचा कोपरा बघून आले.

सुईदोरा

मी गेली बारा-तेरा वर्षं गोधड्या शिवते आणि शिकवते. तुमचं वर्णन वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

सात बाय पाच फूट म्हणजे ८४ बाय ६० इंच. गोधडी आपण कडेकडून शिवत आत जातो, चौकोनात चौकोन. दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरलं तर एकूण शिवण १०,०८० इंच होते, म्हणजे साधारण २५६ मीटर. इंचाला चार टाके धरले तर चाळीस हजारांवर टाके. आणि हा नुसता धावदोरा. वरचे तुकडे कापणं, जुळवणं, कडा दुमडणं, आतली भरती सारखी करणं, टाचणं हे सगळं वेगळं. तीन-चार थरांतून सुई काढायची म्हणजे दोन तासांनी अंगठ्याजवळचं बोट दुखायला लागतं.

एक विचारू? टाके सगळीकडे सारखे आहेत का?

चांदणवेल

नाहीत, आणि हे मी लिहायचं राहूनच गेलं होतं. बाकी सगळीकडे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. पण इरकलाच्या डाव्या अंगाला, साधारण हातभर पट्ट्यात, टाके एकदम मोठे होतात आणि ओळही वाकडी जाते. मग परत बारीक.

मी तिला विचारलं. म्हणाली, "सासूबाई दवाखान्यात होत्या ना पंधरा दिवस. रात्री कॉटशेजारी बसून शिवलं. उजेड नव्हता. उसवून परत घालणार होते, मग म्हटलं राहू दे."

त्या पंधरा दिवसांत आम्ही फोनवर रोज बोलत होतो. मी तिला जेवलीस का विचारायचे. ती हो म्हणायची. तेव्हा तिच्या मांडीवर काय होतं हे मला आत्ता कळतं आहे.

सुईदोरा

ते टाके कुणालाही दुरुस्त करायला देऊ नका, माझ्यासारखीलाही नाही. शिवणाऱ्या बाईचे टाके तिच्या अक्षरासारखे असतात. माझ्या वर्गात चाळीस तुकडे एकत्र ठेवले तरी कुठला कुणाचा ते मी सांगू शकते.

मधला शेवटचा चौकोन बंद करताना तिने आत काही ठेवलं आहे का, तेही विचारा. माझी आजी भाकरीचा तुकडा ठेवायची, "गोधडीचं पोट रिकामं राहू नये" म्हणून. मी ज्वारीचे पाच दाणे ठेवते.

पाटावरवंटा

@सुईदोरा, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या 'कवंडी' मी यल्लापूरकडे बघितल्या आहेत. त्याही कडेकडून आत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसतील तर कवंडी उघडीवाघडी समजतात. बंगालच्या कांथाचं आणि बिहारच्या सुजनीचं मूळही हेच, वापरलेलं मऊ कापड थरावर थर आणि धावदोरा. जुन्या कांथांत तर दोराही जुन्या साडीच्या काठातून ओढून काढलेला असायचा. बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून पहिलं पांघरूण जुन्याचं. आपल्याकडे दुपटी, लंगोट जुन्या धोतरांचे करायचे ते यासाठीच.

आणि गोधडी गरिबाघरची म्हणून कमी समजणाऱ्यांना मी नेहमी आठवण करून देतो की गाडगेबाबांना लोक गोधडेबाबाही म्हणायचे, अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे.

जुनी_वही

मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे फ्रेम. काचेला कापड चिकटलेलं असेल तर पावसाळ्यात आत दमट होतं आणि बुरशी धरते. एवढ्या जड गोधडीला वर चार खिळे मारून टांगलं तर सगळा भार त्या चार जागी येतो आणि काही वर्षांत कापड तिथे फाटतं. लावायचीच असेल तर मागच्या बाजूने वरच्या कडेला मांजरपाटाची रुंद नळी हाताने शिवून घ्या, तिच्यातून लाकडी दांडी घाला, म्हणजे भार सारखा वाटला जाईल. समोर ऊन नको. आणि वर्षातले दोन-तीन महिनेच लावा, बाकी वेळ विश्रांती.

आता कपाट. हे मला जास्त काळजीचं वाटतं. तुम्ही ती कशात गुंडाळली आहे? प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर आजच काढा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागून ठेवू नका. धुतलेल्या मांजरपाटात किंवा जुन्या सुती साडीत गुंडाळा. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे वेगळ्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा. घडी दर दोन महिन्यांनी बदला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं कापड त्याच रेषेवर जातं, मी अशा पैठण्या बघितल्या आहेत ज्या कुणी एकदाही नेसलं नाही आणि घडीवर तुकडे झाले. तेव्हा कपाटात ठेवली म्हणजे जपली, असं समजू नका.

इरकलाबद्दल एक. त्याचं अंग बहुतेक सुती असतं आणि पदर रेशमी. विणताना पदराची आणि अंगाची उभी सुतं वेगळी असतात, ती एकमेकांत गुंतवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. सूत आणि रेशीम सारख्या वेगाने झिजत नाहीत. तुमच्या गोधडीत पदर जिथे अंगाला मिळतो तिथे नजर ठेवा. पहिली विरेल ती जागा बहुधा तीच.

वापरायची असेल तर खुशाल वापरा, पण हनुवटीकडची कड सगळ्यात आधी मळते. त्या कडेवर वीतभर रुंद मऊ सुती पट्टी सैल टाक्यांनी घाला, ती काढून धुता येईल.

कृष्णाकाठ

@जुनी_वही, लाख बोललात. आमची आईपण तोंडाकडच्या बाजूला धोतराची पट्टी लावायची. का ते आज कळलं.

ओली_माती

मी उलट सांगणार आहे. वापरू नका.

माझ्या जिवलग मैत्रिणीने माझ्या पहिल्या बाळंतपणात दुपटं शिवून दिलं होतं. पांढऱ्यावर लाल दोऱ्याने चिमण्या, प्रत्येक चिमणीची मान वेगळ्या बाजूला वळलेली. मी सगळ्यांचं ऐकून रोज वापरलं. एक दिवस घाईत ते बाकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेलं. लाल दोरा सुटला, सगळं गुलाबी झालं आणि चिमण्यांचे दोरे निघाले. पुढच्या वर्षी ती मैत्रीण गेली. अपघात. माझ्याकडे तिच्या हातचं दुसरं काहीही नाही. ते गुलाबी फडकं मी अजून ठेवलं आहे, पण त्यात चिमण्या कुठे होत्या ते आता फक्त मला माहीत आहे.

तुमच्याकडे आहे ते सांभाळा. थंडीला बाजारात हजार रजया मिळतात.

चांदणवेल

@ओली_माती, तुमचं वाचून आज दिवसभर काही सुचलं नाही. फोटो वगैरे असेल तर बघा, कदाचित कुठल्या तरी बारशाच्या फोटोत ते दुपटं असेल.

ओली_माती

आहे. बारशाच्या एका फोटोत कोपऱ्यात अडीच चिमण्या दिसतात.

सुईदोरा

@ओली_माती, तो फोटो मला पाठवाल का? तसंच दुपटं परत होणार नाही, तसं मी म्हणतही नाही. पण त्या गुलाबी कापडावर सुईची भोकं अजून असतील. उजेडावर धरून बघा, धावदोऱ्याची भोकं पुष्कळदा राहतात. त्यावरून चिमण्या कुठे होत्या ते काढता येईल. दोरा घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

ओली_माती

आत्ता खिडकीपाशी धरून बघितलं. आहेत. सात चिमण्यांची भोकं मोजता आली. तुम्हाला वेगळा निरोप पाठवते.

जुनी_वही

धुण्याचा विषय निघालाच आहे तर. कुठलंही हाताने शिवलेलं, रंगीत दोऱ्याचं किंवा जुन्या साड्यांचं काम धुण्याआधी पांढरा ओला कापूस प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. कापसाला रंग आला तर ते घरी धुऊ नका. न आला तर मोठ्या टबात गार पाणी, त्यात रिठ्याचं गाळलेलं पाणी, आणि फक्त दाबायचं. पिळायचं नाही. बाहेर काढताना खाली चादर घालून चादरीसकट उचला, ओल्या गोधडीचं वजन तिच्याच टाक्यांवर येतं. सावलीत बाजेवर आडवी वाळवा. वर्षातून एकदा पुरे. एरवी नुसतं वाऱ्यावर टाकलं तरी चालतं.

परसदार

दुसऱ्या प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलं नाही, बदल्यात काय द्यावं?

आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. पण चाळीस हजार टाक्यांचं भांडं कशाने भरायचं? माझ्या मते साडी, सोनं अजिबात देऊ नका. तिला उगाच वाटेल की तुम्ही मोजमाप केलं. ज्या धोतराच्या पानात तिने गोधडी बांधून आणली ते अजून तुमच्याकडे असेल ना? ते तिला परत द्यायचंच आहे. त्यात तुमच्या हातचं काहीतरी बांधा. तुम्हाला काय चांगलं येतं?

चांदणवेल

@परसदार, ते धोतराचं पान धुऊन, घडी करून ठेवलं आहे. मला शिवणं-टिपणं फारसं येत नाही. अक्षर बरं आहे. हॉस्टेलच्या त्या दोन वर्षांत तिची सगळी जर्नल्स मीच लिहून द्यायचे.

परसदार

मग सुचलं तुम्हालाच.

चांदणवेल

उशिरा लिहिते आहे, नऊ-दहा दिवस झाले.

आधी त्या धोतराच्या पानाचं सांगते. एक दोनशे पानी वही घेतली आणि हॉस्टेलमधलं आठवेल ते लिहायला बसले. स्टोव्हची पिन, रविवारची खिचडी, तिच्या गावाहून यायचा तो शेंगदाण्याचा डबा, मेसच्या काकूंनी आम्हाला उपाशी झोपू दिलं नाही तो पुराचा दिवस. चौतीस पानं झाली आहेत. जर्नलसारखीच लिहिते आहे, समास सोडून, मथळ्याखाली रेघ मारून. संक्रांतीला तिच्याकडे जाणार आहे, तोवर होईल.

आता गोधडी. मंगळवारी तिचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं बोलून झालं आणि ती म्हणाली, "थंडी पडली का गं तिकडे?" मी म्हटलं, हो, खूप. ती म्हणाली, "बरं." एवढंच. पुढे काही विचारलं नाही, आणि तेच मला लागलं. तीन आठवडे ती याच एका गोष्टीची वाट बघत असणार.

त्या रात्री काढली. @जुनी_वही, तुम्ही सांगितलं तशी तोंडाकडे सुती पट्टी घातली, माझे टाके म्हणजे शेळीने चरल्यासारखे आले, पण घातली. वजन आहे तिला. रजईसारखी अंगावर तरंगत नाही, अंगाला बसते. सुरुवातीला मी हालचालही करत नव्हते, टाका तुटेल म्हणून. मग कधी झोप लागली कळलं नाही. पहाटे जाग आली तेव्हा माझा उजवा हात बाबांच्या खिशात होता. रात्रीत तो कधी गेला माहीत नाही. लहानपणी ते ड्यूटीवरून आले की आम्ही तिघं भावंडं त्याच खिशात हात घालायचो, सुट्टे पैसे शोधायला. दहा पैसे मिळाले तर तिघांत लिमलेटच्या गोळ्या.

सकाळी तिला फोन करून सांगितलं. खिशाचंही सांगितलं. ती गप्प झाली. मग मी @सुईदोरा यांनी विचारायला सांगितलं होतं ते विचारलं, मधल्या चौकोनात काही ठेवलं आहेस का. म्हणाली, "हो, पण सांगणार नाही. बोटाने चाचप."

चाचपलं. इरकलाच्या मध्यावर, लाल पदराला लागून, काहीतरी कडक लागतं. दाण्यासारखं नाही, चपटं आणि गोल आहे. दहा पैशांसारखं कडेला लाटालाटांचं. बाबांच्या खिशाची ती गोष्ट मी तिला हॉस्टेलमध्ये कधीतरी सांगितली असणार. मला आठवत नाही.

पाटावरवंटा

अॅल्युमिनियमचं जुनं दहा पैसे असणार. हलकं असतं, कापडाला त्रास नाही.

जुनी_वही

ओल लागू देऊ नका त्या जागी. धुवायची वेळ आली की मला आधी विचारा.

सुईदोरा

ताई, दोरा कुठला वापरला आहे ते तिला विचाराल का? उद्या एखादी ओळ उसवली तर त्याच जाडीचा हवा.

चांदणवेल

तेही बोलणं झालं. फोन ठेवताना ती स्वतःच म्हणाली, "उसवली तर सांग. त्याच रिळाचा दोरा राखून ठेवलाय."